सदाशिव पेठेतील पहारा : कोतवालीपासून दुकानातील कॅमेऱ्यापर्यंत

१. प्रास्ताविक

सदाशिवरावभाऊंच्या नावाने ओळखली जाणारी पुण्याची सदाशिव पेठ शिक्षणसंस्था, ग्रंथालये, नाट्यगृहे आणि खाणावळी यांची पेठ म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. तिच्या दुकानदारीचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता आणि बाजीराव रस्ता या भागांतील पेढ्या, औषधांची, कापडाची व मिठाईची दुकाने, अभ्यासिका आणि शिकवणीचे वर्ग यांच्या दर्शनी भागावर गेल्या दोन दशकांत एक नवी वस्तू येऊन बसली. नामफलकाच्या कोपऱ्यातील सीसीटीव्ही कॅमेरा आणि गिऱ्हाइकास त्याची जाणीव करून देणारी पाटी ही आता कुलपाइतकीच नित्याची बाब झाली आहे.

या कॅमेऱ्याचा विचार यंत्रविद्येच्या इतिहासात करण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्याचे खरे स्थान पहारा या संस्थेच्या इतिहासात आहे, आणि पुण्यापुरते बोलावयाचे तर हा इतिहास पेशवाईतील कोतवालीच्याही मागे ग्रामव्यवस्थेपर्यंत जातो. पहाऱ्याच्या कोणत्याही व्यवस्थेस तीन प्रश्न विचारता येतात : पहारा कोण करतो, कोणाच्या आज्ञेने करतो, आणि पहारा चुकला किंवा त्याचा दुरुपयोग झाला तर जाब कोणी द्यावयाचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळात सहज सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र काळानुसार पालटत गेले आहे, व त्या पालटावरच त्या त्या पहाऱ्याचे यशापयश अवलंबून राहिले आहे. हा पालट ठळक टप्प्यांनी दाखविणे आणि दुकानातील कॅमेरा त्या मालिकेत कोठे बसतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. जागल्या आणि माग

मराठी मुलखातील ग्रामव्यवस्थेत राखणीचे काम वतनी होते. गावाचा महार हा वेसकर म्हणून वेशीवर राही. अनेक गावांत रामोशी, काही भागांत भिल्ल, जागल्याचे काम करीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो वृत्तान्त सादर केला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आले आहे. रात्री गस्त घालणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणे, प्रत्येकाचे वर्तन जाणून असणे ही जागल्याची कामे होत. चोरी झाल्यावर त्याने चोराचा माग काढावयाचा असे. माग शिवेबाहेर गेला तर तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा; त्या गावाने तो आपल्या हद्दीबाहेर गेल्याचे दाखवावयाचे; आणि माग जेथे थांबे तेथील राखणदारावर व गावावर चोरीच्या मालाची जबाबदारी येई. जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून आणि उरलेली गावाकडून भरपाई घ्यावी असा दंडक होता. व्यवहारात पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई. तथापि तत्त्व स्पष्ट होते. ज्याने पाहावयाचे त्यानेच न पाहिल्याचा जाब द्यावयाचा.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. जबाबदारीचा भार गावातील सर्वांत दुर्बळ माणसावर टाकलेला होता. ज्याला गावाच्या वेशीवर बसावे लागे, त्यालाच गावातील तिजोरीच्या सुरक्षिततेची हमी द्यावी लागे. शिवाय माग जुळविताना खऱ्या चोराऐवजी सोयीचा माणूस धरला जाण्याचा संभव नेहमीच असे. तरीही नजर आणि उत्तरदायित्व ही दोन्ही एकाच ठिकाणी राहत होती, हे या व्यवस्थेचे लक्षण पुढील तुलनेसाठी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

३. कोतवालाचा अंमल

शहराला ग्रामव्यवस्था पुरी पडत नाही. पेशव्यांच्या वास्तव्यामुळे पुण्यास सावकार, कारकून, शिपाई, यात्रेकरू आणि दक्षिणेच्या निमित्ताने येणारा ब्राह्मणवर्ग यांची ये-जा वाढली. परक्या माणसास ओळखणारा जागल्या अशा वस्तीत असू शकत नाही. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत १७६४ मध्ये बाळाजी नारायण केतकर यांच्याकडे पुण्याची कोतवाली सोपविण्यात आली. पेठांतील तंटे तोडणे, जिनसांचे भाव ठरविणे, सरकारी कामास मजूर पुरविणे, जागांच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणे ही कामे कोतवालाकडे असत. परक्या माणसांच्या येण्याजाण्याची खबर ठेवणे हेही त्याच्या अधिकारात येई. म्हणजे कोतवाल हा पोलीस, बाजाराचा निरीक्षक आणि नोंदणी-कामगार असा तिहेरी अधिकारी होता. दुकानदाराच्या दृष्टीने पाहता चोरापासून रक्षण करणारा आणि त्याच्या वजनमापावर नजर ठेवणारा अधिकारी एकच असे.

रात्री ठरलेल्या वेळी तोफ होई व त्यानंतर रस्त्यावर सापडलेल्या माणसास सकाळपर्यंत अटकेत राहावे लागे. पेशव्यांच्या लष्करात नोकरीस असलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने या निर्बंधाची नोंद करून ठेविली आहे. या बंदोबस्तामुळे पुण्यात चोरी-दरवडा फारसा होत नसे, असे तत्कालीन पाहुण्यांचे सर्वसाधारण मत दिसते.

परंतु हाच बंदोबस्त घाशीराम सावळदास यांच्या हाती १७७७ पासून १७९१ पर्यंत राहिला, आणि त्याचा शेवट सर्वश्रुत आहे. ऑगस्ट १७९१ मध्ये कोतवालाच्या कैदेत कोंडलेल्या तैलंग ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले. शहरात क्षोभ उसळला. नाना फडणीसांनी अखेरीस कोतवालास जमावाच्या हाती दिले व ३१ ऑगस्ट रोजी तो दगडांनी ठेचून मारला गेला. या घटनेवर आधारलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी सदाशिव पेठेतीलच भरत नाट्य मंदिरात प्रथम रंगभूमीवर आले. नाटक म्हणजे इतिहास नव्हे, हे नाटककारासही मान्य होते. इतिहासाच्या अभ्यासकास या घटनेत घाशीरामाच्या दुष्टपणापेक्षा त्याच्या पदाची रचना अधिक बोधप्रद वाटावी. कोतवालाची नजर शहरभर होती; जाब मात्र तो फक्त दरबारास देत होता. ज्यांच्यावर पहारा होता त्यांना विचारणा करण्याचा कोणताही मार्ग चौदा वर्षे उपलब्ध नव्हता. जेव्हा तो मार्ग निघाला तेव्हा त्याचे रूप न्यायाचे न राहता दंगलीचे झाले.

४. सावकाराच्या पदरचे अरब

सरकारी पहाऱ्याशेजारी खाजगी पहाराही होता. पुण्यातील मोठ्या सावकारांच्या वाड्यांत देवडीवर शिपाई असत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामावर अरब नेमण्याची रीत पडली होती. परदेशी माणसास गावात सोयरीक नसते, त्यामुळे तो फितूर होणार नाही, हा या निवडीमागील हिशेब असावा. पेढीवरील रोकड, गहाण ठेवलेले दागिने आणि हुंड्यांची कागदपत्रे यांचे रक्षण हा या पहाऱ्याचा उद्देश होता. म्हणजे आजच्या भाषेत ज्यास व्यवसायाच्या जागेची सुरक्षा म्हणता येईल, तिचे हे त्या काळचे रूप होते.

या पहाऱ्याची एक खूण सदाशिव पेठेत आजही उभी आहे. सावकार गद्रे यांनी १७९७ च्या सुमारास बांधलेल्या मुरलीधराच्या मंदिरात मूर्तीच्या स्थापनेच्या प्रसंगी सावकाराच्या पदरचे अरब आणि कवायती पलटणीचे शिपाई यांच्यात चकमक उडाली व तीत पुष्कळ माणसे ठार झाली, असे परंपरेने सांगितले जाते. देवाच्या नावामागे लागलेले ‘खुन्या’ हे विशेषण त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून टिकून राहिले. खाजगी पहारेकऱ्याची निष्ठा धन्याशी असते. रस्त्याने जाणाऱ्या माणसाशी तिचा संबंध नसतो. धन्याच्या दृष्टीने हाच तिचा गुण होय, आणि पेठेच्या दृष्टीने हाच तिचा दोष होय. पेढीचे दार आणि पेठेचा रस्ता यांच्यातील सीमा जेथे पुसट होते तेथे हा दोष उघड होतो. दुकानाच्या भिंतीवर बसविलेला परंतु रस्त्याकडे तोंड केलेला कॅमेरा याच सीमेवर उभा आहे, हे पुढे दिसून येईल.

५. राखणदार संशयित होतो

इंग्रजी अंमलात जागल्याचे वतन हळूहळू निष्प्राण झाले. पुणे प्रांतातील रामोशांची गडकोटांवरील व गावांतील कामे आणि त्यांसोबतची उत्पन्ने गेल्यामुळे जो असंतोष माजला, त्यातून उमाजी नाईक यांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी देण्यात आले. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये रामोशी जमातीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच काळात पुण्याच्या छावणीतील साहेबलोक बंगल्याच्या राखणीसाठी रामोशीच नेमीत, आणि रामोशी पहाऱ्यावर असला की चोरी होत नाही असा समज प्रचलित होता. पहारा हा येथे जवळजवळ खंडणीच्या स्वरूपाचा झाला होता. जबाबदारीचे वतनी नाते तुटले की त्याच्या जागी भीतीचे नाते येते, याचे हे उदाहरण आहे.

पुढे १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ ही कल्पना विधिनियमात आली व पिढ्यान्‌पिढ्या गावे राखणाऱ्या अनेक जमाती स्वतःच नजरकैदेच्या योग्यतेच्या ठरविल्या गेल्या. ही कायद्याची परंपरा १९५२ मध्ये संपुष्टात आली. रामोशी व बेरड आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत, यावरून राखणदारास संशयित ठरविणाऱ्या त्या परंपरेचा ठसा किती दीर्घकाळ टिकला हे कळते. कोणाकडे संशयाने पाहावयाचे हे ज्याच्या हाती असते, त्याची समजूत पाहण्याच्या साधनात आपोआप उतरते. कॅमेऱ्यास जात नसते हे खरे. परंतु पडद्यासमोर बसून कोणते चित्र थांबवावयाचे हे ठरविणाऱ्या माणसास समाजात स्थान असते आणि समजुतीही असतात.

६. वाडा, गुरखा आणि १९७६ सालचा हिवाळा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सदाशिव पेठेचा पहारा प्रामुख्याने शेजाराच्या रूपाने चालत होता. वाड्याचा मोठा दरवाजा, त्यातील दिंडी, आतली देवडी, चौकाभोवतीची बिऱ्हाडे आणि रस्त्यालगतच्या दुकानांच्या फळ्या ही सारी रचनाच अशी होती की परका माणूस कोणाच्या तरी नजरेस पडल्यावाचून राहत नसे. रात्री काठी आपटीत आणि शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा यास पूरक होता. महिनाअखेरीस दुकानदार व बिऱ्हाडकरू त्यास थोडी थोडी रक्कम देत. गुरख्यास कायद्याने फारसा अधिकार नव्हता, परंतु त्याची उपजीविका गल्लीच्या समाधानावर अवलंबून असल्यामुळे जाब विचारण्याचा मार्ग खुला होता. पुण्यास १९६५ मध्ये पोलीस आयुक्तालय मिळाले, आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राने खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला. ही दोन्ही पावले पहाऱ्यास औपचारिक स्वरूप देणारी होती.

या दोन पावलांच्या दरम्यान पेठेच्या मनावर खोल आघात करणारी घटना घडली. ३१ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री सदाशिव पेठेतील विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातील तिघांचे खून झाले. १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावर संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जणांचे. गुन्हेगार बाहेरून आलेले दरवडेखोर नव्हते. ते टिळक रस्त्यावरील कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी होते, म्हणजे पेठेतील रस्त्यांवर रोज दिसणारे चेहरे होते. चार आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत. दारास साखळी, दारात पाहण्याचे भिंग आणि बाहेरून लोखंडी जाळीचे दुसरे दार ही सुधारणा पुढे घरोघर आली.

शेजाराच्या पहाऱ्याचे मूळ गृहीत असे होते की धोका अनोळखी माणसाकडून येतो. १९७६ ने ते गृहीत मोडले. ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही अशी जाणीव झाल्यावर प्रत्येक चेहरा नोंदवून ठेवण्याची इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक होते. ती पुरविणारे यंत्र त्या वेळी दुकानदाराच्या आवाक्यात नव्हते. ते येण्यास आणखी पाव शतक जावे लागले. पुढील काळात या यंत्राचे जे उत्साहाने स्वागत झाले, त्यामागे ही जुनी भीती काही अंशी होती असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

७. यंत्राचा डोळा

बंदिस्त दूरचित्रणाचा आरंभ युद्धात झाला. जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने १९४२ मध्ये अशी व्यवस्था उभारली. न्यूयॉर्क राज्यातील ओलीअन या गावाने १९६८ मध्ये आपल्या मुख्य बाजाररस्त्यावर कॅमेरे बसविले. चित्रफितीवर मुद्रण करण्याच्या काळात ही साधने बँका, जवाहिरे आणि मोठी हॉटेले यांच्यापुरतीच मर्यादित होती. हार्ड डिस्कवर मुद्रण करणारी यंत्रे स्वस्त झाली तेव्हा ती किराणा दुकानापर्यंत पोहोचली.

या यंत्राच्या मर्यादा अभ्यासकाने अंकांत समजून घ्याव्यात. एका कॅमेऱ्याचे चित्रण दर सेकंदास २ मेगाबिट या वेगाने साठविले, तर दिवसास सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांच्या दुकानास रोज सुमारे ८६ गिगाबाइट लागतील. म्हणजे १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत आणि २ टेराबाइटची सुमारे तेवीस दिवसांत भरेल. डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहिते. हालचाल झाली तरच मुद्रण करण्याची सोय वापरल्यास हा अवधी वाढतो, परंतु पुसले जाण्याचा क्रम तोच राहतो. दुसरे असे की, नामफलकाच्या उंचीवरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यात माणसाचे डोके स्पष्ट व चेहरा अस्पष्ट येतो. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगात चेहऱ्याच्या वाट्यास फार थोडे बिंदू येतात. रात्री अवरक्त प्रकाशात घेतलेल्या चित्रात कपड्याचा रंग कळत नाही. आणि यंत्रातील घड्याळ वेळोवेळी न जुळविल्यास चित्रावरील वेळ चुकीची पडते. घटना घडली एवढे सांगण्यास जे चित्र पुरेसे असते, ते घटना कोणी घडविली हे सांगण्यास पुरेसे असतेच असे नाही.

या भेदाचे महत्त्व पुण्याने मोठी किंमत देऊन जाणले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जणांचा मृत्यू झाला. तपास परिसरातील कॅमेऱ्यांच्या चित्रणाभोवती फिरू लागला. त्याच वर्षी मे महिन्यात चित्रणातील संशयित म्हणून एका तरुणास मंगळुरू येथे ताब्यात घेण्यात आले व मोठे यश मिळाल्याचे बोलले गेले; परंतु ती ओळख टिकली नाही. पुढे ज्याला खालच्या न्यायालयाने २०१३ मध्ये मृत्युदंड दिला, त्या आरोपीस मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये स्फोटाच्या आरोपांतून मुक्त केले व स्फोटके बाळगणे इत्यादी आरोपांवरील शिक्षा कायम ठेविली. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर झालेल्या साखळी स्फोटांनंतर शहरव्यापी कॅमेरा योजनेस वेग आला, आणि २०१५ पासून पुणे व पिंपरी-चिंचवड येथे बाराशेहून अधिक कॅमेऱ्यांची सरकारी यंत्रणा कार्यान्वित झाली. तथापि गल्लीबोळांत सरकारी डोळा पोहोचत नाही. तेथे तपास आजही दुकानदाराच्या चित्रणावर विसंबतो. अशा रीतीने गल्ल्यावरील रोकड राखण्यासाठी घेतलेले खाजगी साधन, कोणाच्याही औपचारिक आज्ञेवाचून, सार्वजनिक पहाऱ्याचा भाग झाले.

८. न्यायालयापुढील चित्रण

या पहाऱ्याचा जाब कोणाकडे मागावा, हा प्रश्न न्यायालयांपुढे वेगवेगळ्या वाटांनी आला. वाराणसी येथील एका हॉटेलातील मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दोन इटालियन आरोपींची मुक्तता केली. हॉटेलातील कॅमेऱ्याचे चित्रण हा उपलब्ध असलेला उत्तम पुरावा अभियोगपक्षाने सादर केला नाही, ही गोष्ट न्यायालयाने अभियोगाच्या विरुद्ध धरली. त्या निर्णयातील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ग्राह्यतेविषयीचे प्रतिपादन पुढे मान्य राहिले नाही. परंतु चित्रण आरोपीच्याही बाजूने बोलू शकते, हे त्यातून ठळक झाले.

ग्राह्यतेचा प्रश्न महाराष्ट्रातूनच निकालात निघाला, हे उल्लेखनीय आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल तर प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हीच अट अधिक काटेकोर केली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, त्यांपैकी एक तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि प्रतीत फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी तिचे अंकीय चिन्ह नमूद करावे लागते. म्हणजे कुमठेकर रस्त्यावरील एखाद्या दुकानदाराच्या यंत्रातील चित्र न्यायालयात टिकावयाचे तर ते वेळेत जतन झाले पाहिजे, त्याची प्रत विधिपूर्वक काढली पाहिजे आणि त्या दुकानदाराने त्याबद्दल सही केली पाहिजे. जागल्याचा माग जसा शिवेवर हाती द्यावा लागे, तसेच हे हस्तांतर होय; आणि एक दुवा तुटला की सारा माग व्यर्थ होतो.

दुसरी बाजू दुरुपयोगाची आहे. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातील कांदोळी येथील एका कापड-दुकानात कपडे घालून पाहण्याच्या खोलीकडे कॅमेऱ्याचे तोंड असल्याची तक्रार झाली, तेव्हा दुकानातील कॅमेरा गिऱ्हाइकाच्या अब्रूवरही उठू शकतो याची देशभर चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा व्यक्तीच्या घरगुती वापरास सूट देतो. दुकानाचा कॅमेरा घरगुती म्हणता येत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांतील प्रमुख कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी असा आदेश दिला की चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष, जतन करावे. आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये आणि गुजरातने २०२२ मध्ये गर्दीच्या आस्थापनांवर कॅमेरे बसविण्याचे बंधन घालणारे कायदे केले. या साऱ्या तरतुदी एकत्र ठेवल्या तर असे दिसते की, पाहण्याचे बंधन आणि पाहिलेल्याचा जाब या दोन गोष्टी वेगवेगळ्या कायद्यांत, वेगवेगळ्या गतीने वाढत आहेत. जागल्याच्या काळी त्या एकत्र होत्या.

९. पेरूगेटजवळील सकाळ

या विवेचनाची कसोटी पाहण्यास सदाशिव पेठेतच घडलेला प्रसंग उपलब्ध आहे. २७ जून २०२३ रोजी सकाळी पेरूगेट पोलीस चौकीच्या परिसरात एका तरुणाने महाविद्यालयीन तरुणीवर कोयत्याने हल्ला केला. ती जीव वाचविण्यासाठी रस्त्यावरून धावत होती आणि हल्लेखोर तिच्या मागे होता. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पेठेत राहणारे तरुण पुढे झाले, त्यांनी कोयता अडविला व तिचे प्राण वाचले. पाठलागाचे दृश्य परिसरातील कॅमेऱ्यात टिपले गेले आणि काही तासांतच राज्यभर पोहोचले. घटनेच्या वेळी चौकीत कोणी हजर नव्हते, असे निष्पन्न होऊन तीन पोलीस कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले.

या प्रसंगात पहाऱ्याची तीन रूपे एकाच ठिकाणी होती. चौकीतील सरकारी पहारा गैरहजर होता, आणि त्याबद्दल त्यास जाब द्यावा लागला. कॅमेरा हजर होता. त्याने पाहिले, परंतु त्यास काही करता येत नव्हते व कोणी त्यास काही विचारणारही नव्हते. पेठेत बाहेरगावाहून आलेले, खोली भाड्याने घेऊन राहणारे, म्हणजे जुन्या वाड्याच्या दृष्टीने परके असलेले तरुण मात्र कोणत्याही नेमणुकीवाचून धावले. चित्रणाचा उपयोग झाला नाही असे मुळीच नाही. घटना नाकारता आली नाही, चौकीची अनुपस्थिती झाकता आली नाही, आणि चर्चा अफवेवर न चालता दृश्यावर चालली. कोतवालाच्या कोठडीत काय घडले हे शहरास मृतदेह बाहेर आल्यावर कळले होते. येथे ते लगेच कळले. हा फरक लहान नाही. परंतु तेच दृश्य घराघरांत पुनःपुन्हा पाहिले गेले, तेव्हा ज्या तरुणीवर हल्ला झाला तिच्या आयुष्यातील अत्यंत भयाचा क्षण तिच्या अनुमतीवाचून सार्वजनिक झाला. ते चित्रण पोलिसांच्या हाती जाण्यापूर्वी वा नंतर लोकांच्या हाती कोणी दिले, याचा जाब मागण्याची रीत अद्याप रूढ झालेली नाही.

१०. समारोप

जागल्या, कोतवाल, सावकाराचा अरब, गुरखा, शेजारी आणि कॅमेरा या मालिकेत नजरेची कक्षा एकसारखी वाढत गेली नाही. कोतवालाच्या नजरेहून गुरख्याची नजर अरुंदच होती. उत्तरदायित्वाचे टोकही प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या हाती राहिले : कधी दुर्बळाच्या, कधी केवळ दरबाराच्या, कधी एकट्या धन्याच्या. दुकानातील कॅमेरा सावकाराच्या अरबाप्रमाणे धन्याचा आहे, परंतु त्याची कक्षा कोतवालाइतकी होऊ पाहत आहे. म्हणून कोतवालास न विचारलेले प्रश्न त्यास वेळीच विचारले जाणे इष्ट आहे : त्याचे तोंड कोणीकडे आहे, चित्रण किती दिवस राहते, ते कोण पाहू शकतो, आणि पीडितास किंवा आरोपीस ते मागता येते काय. हे प्रश्न दुकानदारावर अविश्वास दाखविणारे नाहीत. त्यांची उत्तरे लिहून ठेवणारा दुकानदार स्वतःही अधिक सुरक्षित राहतो, कारण त्याची सही ज्या प्रमाणपत्रावर होते त्यास मग वजन प्राप्त होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पेशवेकालीन पुण्याच्या कारभाराविषयी आज जे बोलता येते ते पेशवे दफ्तरातील कागद टिकून राहिल्यामुळे. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतून केलेल्या निवडी आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड यांनी तो कागद अभ्यासकांच्या हाती दिला. सदाशिव पेठेतील कॅमेरे एका दिवसात जितके टिपतात तितके कोतवालाच्या कारकुनांनी वर्षभरातही लिहिले नसेल. पण त्यातील जवळजवळ सर्व काही महिना उलटण्यापूर्वी पुसले जाते, आणि खाजगीपणाच्या दृष्टीने ते पुसले जाणेच योग्य आहे. त्यामुळे उद्याच्या अभ्यासकास या पहाऱ्याची चित्रे मिळणार नाहीत. त्याला मिळू शकतील ती दुकानदारांच्या खरेदीची बिले, पोलिसांनी चित्रण मागितल्याची पत्रे, न्यायालयांतील प्रमाणपत्रे, व्यापारी संघटनांचे ठराव आणि दारावरील पाट्या. या कागदांचा पेठवार संग्रह करण्याचे काम हाती घेण्यास हाच काळ अनुकूल आहे. कारण ज्यांनी पहिला कॅमेरा बसविला ते दुकानदार अजून गल्ल्यावर बसलेले आहेत, आणि तो का बसविला हे त्यांना विचारता येते.